बालआनंद मेळावा: बाजार मुलांचा, हिशेबही मुलांचाच

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बालआनंद मेळावे भरतात. कुठे त्याला बालबाजार म्हणतात, कुठे आठवडे बाजार. गाव लोटतं, भाजी संपते, फोटो छान येतात. पण बऱ्याच मेळाव्यांत तराजू आईच्या हातात असतो, सुटे पैसे वडील देत असतात आणि मूल शेजारी उभं राहून भेळ खात असतं. दिवस मजेत जातो, पण त्या मुलाला काय आलं, हे संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही.

मेळाव्याची आखणी एका गोष्टीभोवती करावी: प्रत्येक मुलाने स्वतः विकलं पाहिजे, स्वतः मोड दिली पाहिजे आणि शेवटी आपला हिशेब गावासमोर वाचून दाखवला पाहिजे. पुढची सगळी मांडणी पहिली ते पाचवीच्या साधारण ६० पटाची शाळा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. पट कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

तीन आठवडे आधी: किती दुकानं, किती भांडवल

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीपासून करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे मदतीला लागणारी माणसं समितीतच आहेत. बैठकीत चार गोष्टी पक्क्या करा: तारीख, मैदानाची साफसफाई, पिण्याचं पाणी, आणि गॅसजवळ कोण उभं राहणार. तारीख शनिवारची बरी, कारण सकाळची शाळा असते आणि मळ्यात-रानात जाणारे पालक तासाभरासाठी येऊ शकतात. गावचा किंवा शेजारच्या गावचा आठवडे बाजार त्याच दिवशी नाही ना, एवढं पाहा. केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत यांना लेखी कळवा.

आता गणित. ६० मुलांचे तीन-तीनचे गट केले की २० दुकानं होतात. मुलं सरासरी २० रुपये आणि शंभर मोठी माणसं सरासरी ४० रुपये खर्च करतील असं धरलं, तर एकूण उलाढाल १,२०० अधिक ४,००० म्हणजे ५,२०० रुपये. दर दुकानाच्या वाट्याला २६० रुपये आले. म्हणून एका गटाचं भांडवल २०० रुपयांच्या वर जाऊ देऊ नका. हा हिशेब न करता पालक हौसेने पाचशे-हजाराचा माल भरतात आणि दुपारी निम्मी मेथी सुकलेली असते.

भांडवल घरून आणायला सांगितलं की काही मुलं त्या दिवशी घरीच राहतात. त्यामुळे सगळ्या गटांना शाळेने सारखेच १०० रुपये उसने द्यावेत. २० गटांचे २,००० रुपये समितीचे सदस्य आणि शिक्षक मिळून उभे करू शकतात, आणि मेळावा संपला की ते परत येतात. बाकी माल घरचा चालेल, मात्र घरच्या मालाचीही बाजारभावाने किंमत लिहायची. परसातली कोथिंबीर फुकट धरली की मुलाला खोटा नफा दिसतो.

गट चिठ्ठ्या टाकून पाडा. प्रत्येक गटात एक चौथी-पाचवीचं, एक तिसरीच्या आसपासचं आणि एक पहिली-दुसरीचं मूल येईल असे तीन डबे ठेवा. याला वयापलीकडचंही कारण आहे. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हे काही गावांत अजून बघितलं जातं. गट नात्या-भावकीतून पडले तर एखाद्या मुलाच्या दुकानाकडे गिऱ्हाईकच फिरकत नाही, आणि ते त्याला कळतं. गट मिसळलेले असले की हा प्रश्न बराच कमी होतो. तरीही शंका वाटली, तर त्या दुकानाची भवानी समितीच्या अध्यक्षांनी करावी, तीही खाण्याच्या पदार्थाची आणि तिथेच उभं राहून खात.

वस्तूंचं वाटप शाळेनेच ठरवा, नाहीतर २० पैकी आठ दुकानं भेळेची निघतात. ८ दुकानं भाजी-फळांची, ६ खाऊची, ३ पेयांची, ३ हस्तकला किंवा खेळांची, आणि एकच पदार्थ दोनपेक्षा जास्त दुकानांत नाही. जानेवारीत बोरं, पेरू, आवळे, चिंच, गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, ऊस, तिळगूळ हे सहज मिळतं. कोकणात कोकम सरबत आणि घावन, विदर्भात संत्री. विदर्भातल्या मुलाने पाटीवर ‘सांबार’ लिहिलं तर खोडून ‘कोथिंबीर’ करू नका. गिऱ्हाईकही तोच शब्द वापरणार आहे. नंदुरबारकडे पावरी-भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं त्या दिवशी आपल्या भाषेत बिनधास्त बोलतात. वर्गात गप्प बसणारं मूल तिथे पहिल्यांदा मोकळं होतं, ते निरखून पाहा.

दोन आठवडे सराव: मोड आणि माप

सरावाला रोज परिपाठानंतर २० मिनिटं पुरतात. गणित पेटीतल्या खेळातल्या नोटा-नाणी काढा.

मोड देताना वजाबाकी करायला लावू नका, पुढे मोजायला शिकवा. वस्तू १२ रुपयांची, गिऱ्हाईकाने २० ची नोट दिली. मूल नोट लगेच गल्ल्यात टाकत नाही, समोर ठेवतं. मग गिऱ्हाईकाच्या तळहातावर एकेक नाणं ठेवत मोठ्याने म्हणतं: “बारा”, एक रुपया ठेवून “तेरा”, दोनचं नाणं ठेवून “पंधरा”, पाचचं ठेवून “वीस”. बारानंतर हातावर एक, दोन आणि पाच असे आठ रुपये पडले. वीस म्हटल्यावरच नोट आत. नोट आधी आत गेली की “मी पन्नासची दिली होती” हा वाद उभा राहतो आणि लहान मूल त्यात हटकून हरतं.

सरावात शिक्षकांनी अवघड गिऱ्हाईक व्हावं. १२ रुपयांना ५० ची नोट द्या, घासाघीस करा, उधारी मागा, तीन वस्तू घेऊन एक परत करा. उधारी द्यायची नाही, हे मुलाला नम्रपणे पण ठाम म्हणता आलं पाहिजे. “काका, आज रोखीनेच” हे वाक्य आठवडाभर म्हणून घेतलं की त्या दिवशी जीभ अडखळत नाही.

तराजूचा सराव वेगळा घ्या. पहिल्यांदा दोन्ही पारडी रिकामी ठेवून दांडी सरळ राहते का ते बघायचं. एका बाजूला झुकत असेल तर तो पासंग. हलक्या पारड्याला खडा किंवा चिंधी बांधून तो काढायचा. माल टोपलीत घालून मोजायचा असेल तर आधी रिकाम्या टोपलीचा धडा करायचा, म्हणजे तिच्या भाराएवढे खडे दुसऱ्या पारड्यात टाकून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. हे मुलांना सांगून कळत नाही. पासंग न काढता एक पेरू तोला, मग पारडी बदलून तोच पेरू तोला. दोन वेगळी वजनं आली की मुलं आपणच विचारतात.

वजनं ५०, १००, २००, ५०० ग्रॅम आणि १ किलो एवढी पुरतात. पाव किलो म्हणजे २०० आणि ५० हे मुलांनी हाताने जुळवावं. भाव ठरवताना किलोला ४०, ६० किंवा ८० रुपये असेच घ्या: पाव किलोला १०, १५, २० येतात. ५० रुपये किलो लावला की पाव किलोचे साडेबारा रुपये होतात आणि पेच पडतो. पहिली-दुसरीच्या मुलांना तराजू नको. त्यांनी बोरांचे, मिरच्यांचे पाच-पाच रुपयांचे वाटे लावावेत, पालेभाजी जुडीने विकावी.

पाट्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मुलांनीच लिहाव्यात. ‘पेरू’चा रू दीर्घ, ‘कोथिंबीर’मध्ये थि ऱ्हस्व आणि बी दीर्घ, अशा दुरुस्त्या गटांनी एकमेकांच्या कराव्यात. आरोळ्याही त्यांच्याच असू द्या. “पाच रुपये वाटा, बोरांचा साठा!” एवढं जमलं तरी भाषेच्या तासाचं काम झालं.

एक हिशेब पूर्ण मांडून

प्रत्येक गटाकडे एक हिशेबाचा कागद. लिंबू सरबताच्या दुकानाचा नमुना घेऊ. ५ लिटर सरबताला मध्यम आकाराची १८ लिंबं आणि ६०० ग्रॅम साखर लागते. दर तुमच्या गावचे घाला.

लिंबं १८, प्रत्येकी ३ रुपये: ५४
साखर ६०० ग्रॅम, ४५ रुपये किलोने: २७
मीठ, वेलची: ५
कागदी पेले ३५: ३५
एकूण खर्च: १२१ रुपये

१५० मिलिलिटरचे ३३ पेले होतात. चव बघणं आणि सांडणं धरून विक्रीला ३० समजा. म्हणजे एका पेल्याला चार रुपयांच्या थोडं वर खर्च. भाव ५ रुपये ठेवला तर विक्री १५०, नफा २९. थंडीच्या दिवसांत १० रुपयांना सरबत खपत नाही, आणि ३ रुपयांना विकलं तर ३० पेल्यांवर ३१ रुपये तोटा. हे दोन्ही पर्याय मुलांना आधी कागदावर करून बघू द्या. स्टीलचे पेले धुऊन वापरले तर ३५ रुपये वाचून नफा ६४ होतो, पण मग एका मुलाला सतत धुण्याचं काम. ते परवडतं का, हा निर्णय गटाचा.

मोडीसाठी प्रत्येक दुकानाला सुरुवातीला ५० रुपये सुटे द्या: एकची १० नाणी, दोनची ५, पाचची २, दहाची २. वीस दुकानांचे १,००० रुपये झाले, आणि तेवढेच सुटे ‘शाळेच्या बँके’च्या टेबलावर, कारण गाव शंभराच्या आणि पाचशेच्या नोटा घेऊन येतं. नाणी आठ दिवस आधीपासून गोळा करा. पिठाची गिरणी, किराणा दुकान आणि देवळाची दानपेटी ही खात्रीची ठिकाणं.

दर विक्रीला कागदावर एक उभी रेघ, पाचवी आडवी. शेवटी ३० रेघा म्हणजे १५० रुपये. गल्ल्यात मोडीचे ५० धरून २०० असले पाहिजेत. १९० निघाले तर १० रुपये कुठे गेले? दोन पेले मित्रांना फुकट दिले, की मोड चुकली? हे शोधायला गटाला वेळ द्या, पैसे आपल्या खिशातून घालून बेरीज जुळवू नका. बरोबर २०० निघाले तर त्यातून मोडीचे ५० आणि उसने १०० परत. हातात ५० उरले. त्यांतले २१ घरून आणलेल्या ७ लिंबांचे, आणि २९ नफा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: मुलं मोडीचे पन्नास आणि उसने शंभर नफ्यात धरतात आणि “दोनशे कमावले” म्हणत घरी जातात. म्हणून कागदावर ‘परत द्यायचे’ हा रकाना सगळ्यात वर छापा.

२९ रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ९ आणि २ उरतात. त्या दोन रुपयांचं काय करायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

जागा, सावली, स्वच्छता

दुकान ५ फूट रुंद, ४ फूट खोल, दोन दुकानांत १ फूट जागा. दहा-दहाच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये ८ फुटांची वाट. ६० फूट लांब आणि १६ फूट रुंद पट्टा पुरतो. फक्कीने आखून घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे इमारतीच्या उत्तरेला दिवसभर सावली असते. पालेभाजीची ओळ तिथे लावा आणि जुड्यांवर ओलं बारदान टाका. खाऊची दुकानं पाण्याच्या टाकीजवळ, बँक दारापाशी.

फक्कीची रेघ हीच मोठ्यांची हद्द. रेघेच्या आत फक्त मुलं. समितीच्या दोन सदस्यांनी हे एकच काम करावं. आत आलेल्या पालकाला शिक्षकांनी हटकलं की वाईट वाटतं, शेजारच्या बाईंनी सांगितलं की वाटत नाही.

तळण आणि गॅस मुलांच्या दुकानात अजिबात नको. वडे, भजी करायचीच असतील तर स्वयंपाकाच्या शेडमध्ये दोन मोठ्या माणसांनी करावीत, मुलांनी फक्त विकावीत. शेडजवळ वाळूची बादली ठेवा. प्रथमोपचार पेटी आधी उघडून बघा, त्यातलं मलम मुदतीतलं आहे ना. आशाताईंना बोलवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पाणीपुरी टाळा, कारण तीस माणसांसाठी हात एकाच भांड्यात बुडतो. पाणी उकळून गार केलेलं, बर्फ नाही, कापलेलं फळ झाकून. नखं आदल्या दिवशी कापलेली, केस बांधलेले, पदार्थाला चमचा किंवा डाव. पैसे घेणारा आणि पदार्थ देणारा वेगळा, हा नियम तीन मुलांच्या गटात सहज पाळता येतो. तेलकट पदार्थ वर्तमानपत्रावर देऊ नका, छपाईची शाई पोटात जाते. पळसाचे द्रोण मिळाले तर उत्तम. प्रत्येक चार दुकानांमागे एक कचऱ्याचं पोतं.

त्या दिवशी पोषण आहार बंद ठेवू नका. खिशात पैसे नसलेलं मूल त्या दिवशीही पोटभर जेवलं पाहिजे. लोकवर्गणीतून प्रत्येक मुलाला १० रुपयांची खरेदी चिठ्ठी द्या, ६०० रुपयांत होतं. दुकानदारांनी चिठ्ठ्या बँकेत देऊन रोख घ्यायची.

बाजाराचा दिवस

८ वाजता मांडणी. ९ वाजता तराजूंची तपासणी आणि मोडीचं वाटप, सही किंवा अंगठ्यासह. ९.३० ला उद्घाटन, पाच मिनिटांत. पाहुण्यांनी भाषण न करता पहिली खरेदी करावी, मागे भाजी उन्हात असते. ११.३० ला एक घंटा: आता भाव उतरवायचे का, गटांनी ठरवायचं. १५ ची जुडी १० ला द्यावी की थांबावं, याचा विचार करणारी तीन डोकी एकत्र आलेली दिसतील. १२ ला दुसरी घंटा, विक्री बंद. मग पाऊण तास हिशेब. या वेळी पालक मैदानाबाहेर. हा पाऊण तास घाईत कापला की आधीची तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते.

दिवसभर शिक्षकांच्या हातात वही हवी. त्यांनी दुकानं आपापसांत वाटून घ्यावीत आणि दर मुलाचं एक तरी काम डोळ्यांनी पाहून तिथेच लिहावं. फोटोसाठी एकाच व्यक्तीला नेमा. मुलांची नावं घालून फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

गुणगौरव: काय मोजायचं

‘सर्वाधिक नफा’ हे बक्षीस ठेवू नका. ज्याचे काका-मामा गावात जास्त, त्याचा माल आधी खपतो. त्यात मुलाचं कर्तृत्व थोडंच. त्यापेक्षा ही पाहा: गल्ला आणि रेघा जुळल्या, माप बरोबर दिलं, दुकानाभोवती कचरा नव्हता, शिल्लक माल कमी राहिला, भाव वेळेत बदलला, लहान जोडीदाराला काम दिलं. शेवटची गोष्ट सहज नजरेतून सुटते. पाचवीचं मूल सगळं स्वतःच करतं आणि पहिलीचं मूल पोत्यावर बसून राहतं.

प्रशस्तिपत्रावर ‘उत्कृष्ट सहभाग’ लिहू नका, ते साठही मुलांना लागू पडतं. पाहिलेलं लिहा: “वीस गिऱ्हाइकांना पुढे मोजून मोड दिली, एकही चूक नाही.” “तराजूचा पासंग स्वतः ओळखून काढला.” “गिऱ्हाईक ओरडलं तरी शांतपणे हिशेब पुन्हा सांगितला.” हीच वाक्यं आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदीत जातात. २०१० पासून राज्यात सुरू असलेल्या या पद्धतीत दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक आणि उपक्रम ही साधनं आहेतच, वेगळं काही करावं लागत नाही. नावं दाखल-खारीज रजिस्टरवरून उतरवा. चुकलेलं नाव मूल वर्षभर विसरत नाही.

हिशेब वाचन पुढच्या शनिवारी, पालक आणि समितीसमोर. प्रत्येक गटाला एक मिनिट: भांडवल किती, विक्री किती, नफा की तोटा, आणि पुन्हा दुकान लावलं तर काय बदलू. गटातल्या तिघांनीही बोलायचं, पहिलीच्या मुलाने निदान “आम्ही तीस पेले विकले” एवढं. तोट्यातल्या गटांना शेवटी ठेवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला घ्या. “आमची मेथी सुकली, कारण बारदान वाळलं होतं आणि आम्ही ते ओलं केलं नाही” असं एखाद्या मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं, तर पहिली टाळी मुख्याध्यापकांनी वाजवावी. तिने कारण शोधलंय.

वाचन झाल्यावर हिशेबाचे वीसही कागद भिंतीवर महिनाभर लावून ठेवा, खाडाखोडीसकट. लोकांचे तराजू आणि वजनं परत करा, गिरणीवाल्यांची आणि देवळाची नाणी मोजून देताना गटातली मुलं सोबत न्या. शाळेच्या वहीत एका पानावर एवढं लिहून ठेवा: काय आधी संपलं, काय उरलं, सुटे किती कमी पडले, किती माणसं आली. पुढच्या वर्षी समितीच्या बैठकीत सगळ्यात आधी हे पान वाचा.